ओहोटीचा हिशेब
(प्रस्तावना)

कोकणकिनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला भरतीची वेळ सांगायला तक्ता लागत नाही. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्या सुमाराला खाडी तुडुंब असणार आणि पुढच्या सहा तासांत उतरत जाणार. आजीने हे शिकवलं तेव्हा मी तिसरीत होते. पाऊणकी मला शाळेआधी जेटीवर पाठ झाली. पौर्णिमा-अमावास्येला या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक पडते. तरी होडी सोडायला तो पुरतो.

पुढे आयुष्यभर खाडीच्या पाण्याची संगणकीय मॉडेलं करताना लक्षात आलं की आजीची पाऊणकी हेसुद्धा एक मॉडेलच होतं. त्यात बाहेरून येणारी एक माहिती होती : तिथी. एक नियम होता. एक उत्तर होतं आणि त्या उत्तरात किती चूक पडते याची जाण होती. शिवाय तो नियम एका जागेला बांधलेला होता. मुंबई-कोकणात चालणारा हा हिशेब भावनगरला नेला तर सपशेल चुकेल, कारण खंबातच्या आखातात भरती आत शिरायला काही तास घेते आणि तिथे पाणी दहा मीटरपर्यंत चढतं. चांगल्या मॉडेलकडून आपण हेच मागतो : काय घातलं, कोणत्या नियमाने चाललं, काय निघालं, किती चुकलं आणि कुठे चालणार नाही. हे पुस्तक म्हणजे त्या पाऊणकीचाच विस्तार आहे.

विस्तार करावा लागला, कारण पाऊणकी ज्या प्रश्नाला उत्तर देत नाही तो प्रश्न आता आपल्या दाराशी येऊन ठाकला आहे. ओहोटीला पाणी जातं, हे सगळ्यांना दिसतं. ते कुठवर जातं, सोबत काय घेऊन जातं आणि पुढच्या भरतीला त्यातलं किती परत आणतं, हे जेटीवर उभं राहून दिसत नाही. आपली शहरं मात्र ‘समुद्रात गेलं म्हणजे गेलं’ या समजुतीवर उभी आहेत. नाला खाडीला मिळतो, खाडी समुद्राला मिळते, समुद्र सगळं पोटात घेतो, असं आपण धरून चालतो. आपलीच जुनी माणसं मात्र उलट सांगत आली : समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही. पावसाळ्यात उधाणाच्या दुसऱ्या दिवशी मरीन ड्राइव्हवर किंवा दादरच्या चौपाटीवर गेलं की त्या बोलण्याचा अर्थ ढिगाने पडलेला दिसतो.

ठाण्याच्या खाडीचंच उदाहरण घेऊ. ठाण्यापासून मुंबई बंदरापर्यंत ती सुमारे 26 किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला तोंड रुंद, उत्तरेकडे निमुळती होत गेलेली, आणि वरच्या टोकाला एका अरुंद फाट्याने उल्हास नदीला जोडलेली. उल्हासचं बरंचसं पाणी वसईच्या खाडीने निघून जातं, त्यामुळे पावसाळा सोडला तर या खाडीला वरून धुऊन काढणारं गोडं पाणी फारसं नाही. आता ठाण्याजवळ मैल्याचा एक लोट ओहोटीला लागला असं समजा. प्रवाहाचा वेग सरासरी सेकंदाला अर्धा मीटर धरला तर सव्वासहा तासांत तो 11 किलोमीटर खाली येईल. तोंड अजून 15 किलोमीटर लांब आहे. तेवढ्यात पाणी फिरतं आणि तोच लोट, थोडा पातळ होऊन, परत वर निघतो. खरं तर खाडीच्या वरच्या टोकाला वेग याहूनही कमी असतो. काठावरच्या माणसाला दिवसातून दोनदा पाणी गेल्याचं दिसतं. लोट मात्र खाडीतच येरझाऱ्या घालत असतो. प्रत्येक फेरीत तो किती बाहेर सरकतो, यावर खाडीचं आरोग्य ठरतं. या सरकण्याच्या हिशेबातून पाणी खाडीत किती काळ राहतं ते निघतं, त्याला पाण्याचा ‘निवासकाळ’ म्हणतात, आणि माझ्या मते किनाऱ्यावरच्या प्रत्येक नगरपालिकेच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा हा आकडा आहे.

हा हिशेब हाताने होत नाही. त्यासाठी माणसाने काय काय केलं याचा इतिहास पहिल्या दोन प्रकरणांत आला आहे. इथे त्याचे टप्पे तेवढे सांगते. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीमापकाच्या नोंदी 1878 पासून आहेत. लॉर्ड केल्विन यांनी 1872 च्या सुमारास चाकं आणि दोऱ्या फिरवून भरतीचं भाकीत करणारं यंत्र घडवलं. पाण्याची पातळी त्यामुळे सांगता येऊ लागली. प्रवाह मात्र हाताशी येईना. फ्रान्सच्या सेंट-व्हेनंट यांनी उथळ पाण्याच्या वाहण्याची समीकरणं 1871 मध्येच मांडली होती, पण वेडावाकडा किनारा आणि उंचसखल तळ असलेल्या खऱ्या खाडीसाठी ती कागदावर सोडवणं अशक्य होतं.

मग माणसाने खाडीच बांधली. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटो इथे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी 1957 मध्ये संपूर्ण उपसागराची सिमेंटची प्रतिकृती उभी केली. दीड एकरावर पसरलेली, आडव्या मापात हजारपट आणि खोलीत शंभरपट लहान. तिथे भरती-ओहोटीचा पूर्ण दिवस पंधरा मिनिटांत उरकतो. उपसागरात मोठे बांध घालून गोड्या पाण्याचे तलाव करण्याची एक योजना त्या वेळी फार जोरात होती. या प्रतिकृतीत पाणी सोडून पाहिल्यावर ती चालणार नाही हे कळलं आणि योजना बारगळली. आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने हीच परंपरा जोपासली. 1916 मध्ये मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांसाठी सुरू झालेल्या या संस्थेच्या शेडमध्ये बंदरांच्या प्रतिकृती पाहिलेल्या माणसाला ते दृश्य विसरता येत नाही. गुडघ्याएवढी बेटं, वीतभर खोल समुद्र आणि त्यात खरोखर चढणारी-उतरणारी भरती.

संगणकाने या सिमेंटच्या खाडीची जागा घेतली. पाण्याचे चौकोन पाडून प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र करायचा, ही कल्पना लुइस फ्राय रिचर्डसन यांनी हवामानासाठी 1922 मध्येच मांडली होती. जर्मनीच्या वाल्टर हान्सेन यांनी 1956 मध्ये उत्तर समुद्राच्या वादळी उधाणासाठी ती वापरून दाखवली. यान लेंडर्ट्सा यांनी 1967 मध्ये उथळ उपसागरांसाठी संगणकीय पद्धत बसवली आणि लवकरच न्यूयॉर्कच्या जमैका उपसागरातल्या प्रदूषणासाठी ती कामाला लावली. आज जगभर वापरली जाणारी मॉडेलं याच घराण्यातली आहेत.

त्यांचं काम कसं चालतं ते समजायला गणिताची पदवी लागत नाही. खाडीच्या नकाशावर जाळी टाकायची. प्रत्येक घरात तळ किती खोल आहे ते लिहायचं. मग प्रत्येक घरासाठी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली : चार बाजूंनी आत आलेलं पाणी वजा बाहेर गेलेलं पाणी, म्हणजे घरातली पातळी किती वाढली. दुसरी : शेजारच्या घरातली पातळी जास्त असेल तर तिकडून ढकल बसते, तळ ओढून धरतो, वारा वरून रेटतो, या सगळ्यांची बेरीज करून प्रवाहाचा वेग किती बदलला. पहिला हिशेब वाण्याच्या खतावणीसारखा आहे. दुसरा न्यूटनचा आहे. बाहेरच्या कडेला समुद्राची भरती द्यायची आणि घड्याळ थोडं पुढे सरकवायचं.

‘थोडं’ म्हणजे किती, इथेच सगळी मेहनत आहे. दहा मीटर खोल पाण्यात भरतीची लाट सेकंदाला सुमारे दहा मीटर धावते. जाळीचं घर शंभर मीटरचं असेल तर लाट ते दहा सेकंदांत ओलांडते, आणि साध्या पद्धतीत घड्याळ त्याहून मोठ्या पावलाने सरकवलं तर सगळा हिशेब फुटून आकडे आभाळाला भिडतात. म्हणजे एका दिवसासाठी 8,640 पावलं. तीनशे चौरस किलोमीटरच्या खाडीत अशी 30,000 घरं बसतात. एका दिवसाचे 26 कोटींच्या आसपास हिशेब झाले, आणि निवासकाळ काढायला निदान एक उधाण (मोठी भरती) आणि एक भांग (लहान भरती), म्हणजे पंधरवडा चालवावा लागतो. घराची बाजू निम्मी केली तर घरं चौपट आणि पावलं दुप्पट होऊन काम आठपट होतं. त्यातून ठाण्याच्या खाडीसारखी जागा आणखी छळते. ओहोटीला तिथले चिखलपट्टे उघडे पडतात, भरतीला बुडतात, म्हणजे हजारो घरं दिवसातून दोनदा कोरडी होतात आणि दोनदा भिजतात. कडेच्या तिवरांच्या मुळ्या पाण्याला अडवून धरतात, ती अडवणूकही आकड्यात बसवावी लागते.

प्रवाह हाती आला की त्यावर मैला सोडायचा. तो तीन गोष्टी करतो : प्रवाहाबरोबर वाहतो, घुसळणीने पसरतो आणि वाटेत बदलतो. हे बदलणं प्रत्येक घाणीचं वेगळं. आतड्यातले जंतू खाऱ्या पाण्यात आणि उन्हात लवकर मरतात. गढूळ पाण्यात किंवा रात्री ते बराच वेळ तग धरतात. सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. या कुजण्याचा आणि हवेतून पुन्हा प्राणवायू मिळण्याचा ताळेबंद स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 मध्ये ओहायो नदीसाठी मांडला, तोच पाया आजही आहे. आपल्या उबदार समुद्राच्या पाण्यात प्राणवायू मावतोच लिटरला सहा-साडेसहा मिलिग्रॅम. आंघोळीच्या आणि पोहण्याच्या किनाऱ्याला तो किमान चार असावा असा आपल्या देशातला दंडक आहे. म्हणजे उधळायला शिल्लक फार थोडी. धातूंची तऱ्हा तिसरीच. ते चिखलाच्या कणांना चिकटून तळाशी बसतात आणि उधाणाचा जोर आला की चिखलाबरोबर पुन्हा वर येतात. कारखाना बंद पडून वर्षं लोटली तरी खाडीचा तळ त्याची आठवण ठेवतो.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की संगणक सगळं सांगतो. त्या भ्रमातून मला एका तांडेलने बाहेर काढलं. आम्ही प्रवाहमापक घेऊन खाडीत गेलो होतो. दुपारची वेळ, ओहोटी संपत आलेली. आमच्या मॉडेलप्रमाणे पाणी फिरायला अजून तास होता. काठाजवळून जाताना तांडेलने बोटीचं तोंड वळवलं आणि तिवराचं एक पान पाण्यावर टाकलं. पान वरच्या अंगाला, ठाण्याकडे निघालं. मी म्हटलं, “काका, ओहोटी तर अजून चालू आहे.” त्यांनी मधल्या पात्राकडे हात केला. तिथे डोल जाळ्याच्या खुंट्याला पाण्याची शेपूट अजून समुद्राकडे होती. “ताई, कडेचं पानी आधी फिरतं, मधलं मागनं. माझा बाप याच टायमाला कडेकडेनं घरी यायचा.”

घरी येऊन समीकरणं काढली. काका बरोबर होते. मधल्या खोल पात्रातलं पाणी जड असतं, त्याचा जोर ओसरायला वेळ लागतो. कडेच्या उथळ पाण्याला तळ लगेच थांबवतो, म्हणून ते आधी फिरतं. हे समीकरणांत होतंच. आमच्या जाळीची घरं एवढी मोठी होती की कड आणि मध एकाच घरात कोंबले गेले होते. घरं लहान केली तेव्हा काकांचं पान पडद्यावर दिसलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली. कडेच्या नाल्यातून सुटलेली घाण, मधलं पाणी अजून बाहेर चाललेलं असताना, कडेकडेने वर चढत होती आणि चिखलपट्ट्यावर पसरत होती. खाडीतून बाहेर पडते म्हणून जिचा हिशेब आम्ही मिटवला होता ती घाण निवट्या आणि चिंबोऱ्यांच्या बिळांवर जाऊन बसत होती. आधीचा अहवाल आम्ही दुरुस्त केला. त्या दिवसापासून काठावरच्या माणसांना विचारल्याशिवाय मी मॉडेलचं एकही चित्र खरं मानलेलं नाही.

हिशेब नीट मांडला आणि ताडून पाहिला तर काय साधतं, याचं उत्तम उदाहरण बॉस्टनचं आहे. तिथलं बंदर एकेकाळी अमेरिकेत घाणीसाठी कुप्रसिद्ध होतं. सांडपाण्यावर नीट प्रक्रिया करून ते 15 किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून बाहेरच्या उपसागरात, तीस मीटर खोल पाण्यात सोडायचं ठरलं, तेव्हा केप कॉडच्या लोकांनी भीती व्यक्त केली की शहराची घाण आपल्या दारी येणार. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी प्रवाहाची मॉडेलं चालवली आणि सांगितलं की बंदर सुधारेल आणि बाहेर फरक थोडा पडेल. सप्टेंबर 2000 मध्ये बोगदा सुरू झाला, त्याच्या आधीपासून सुरू असलेली पाण्याची तपासणी पुढेही चालू राहिली, आणि निरीक्षणांनी तेच दाखवलं. यात सगळ्यात मोलाचं काय? भाकीत आधी केलं, जाहीर केलं आणि मग वर्षानुवर्षं मोजून त्याची परीक्षा घेतली.

मुंबईत वरळी आणि वांद्र्याला सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे सागरी निचरा-बोगदे आहेत. तिथे पाणी खुल्या समुद्रात पडतं, पातळ होतं. भांडुप-घाटकोपरचं सांडपाणी मात्र ठाण्याच्या खाडीत जातं, वर्सोवा-मालाडचं मालाडच्या खाडीत. मिठी नदी विहार-पवईपासून सुमारे 18 किलोमीटर शहराच्या पोटातून येऊन माहीमच्या उपसागरात उतरते. एकाच शहराचा मैला, पण खुल्या समुद्रात पडला तर एक निवासकाळ आणि निमुळत्या खाडीत पडला तर दुसराच. घाण किती सोडली एवढंच आपण मोजतो. कुठे आणि कोणत्या वेळी सोडली, याने परिणाम कितीतरी पटींनी बदलतो. भरती लागताना उघडलेला दरवाजा आणि ओहोटी लागताना उघडलेला दरवाजा, यांत खाडीच्या वरच्या टोकाला आख्ख्या फेरीचा फरक पडतो. त्याच ठाण्याच्या खाडीत दरवर्षी रोहित पक्षी उतरतात, 2022 पासून ती रामसर स्थळ आहे आणि अजूनही तिच्यावर कोळीवाडे जगतात. तिचा हिशेब ढोबळपणे ठेवून चालणार नाही.

दुर्घटनेत तर हा हिशेब तासांवर येतो. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात तरंगू लागले, आणि बंदराच्या आतल्या बाजूच्या किनाऱ्यांपर्यंत, तिवरांपर्यंत तेल पोहोचलं. तेल प्रवाहाबरोबर जातंच, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्क्यांनी ओढलं जातं. ऑगस्टचा पश्चिमेचा जोरदार वारा त्याला तासाला किलोमीटरभर आत ढकलू शकतो. प्रवाह आणि वारा मिळून तवंग उद्या सकाळी कुठे असेल हे आज रात्री कळलं, तर अडवणूक करणारे तरंगते पट्टे योग्य खाडीच्या तोंडाशी लावता येतात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडे आज अशी भाकितं देणारी यंत्रणा आहे.

गोव्याची गोष्ट एका स्वतंत्र प्रकरणात आहे, आणि ती जरा आनंदाची आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी आणि झुवारीचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला आहे. समुद्राची भरती या नद्यांत पन्नासेक किलोमीटर आत जाणवते, आणि आत जाताना तिची उंची बराच काळ टिकून राहते. पात्र अरुंद होत गेल्याने ती चढू पाहते, तळाच्या घर्षणाने ती उतरू पाहते, आणि दोन्ही जवळपास बरोबरीला सुटतात. उन्हाळ्यात खारं पाणी खूप आतपर्यंत जातं. मोसमी पाऊस आला की तीच नदी तोंडापर्यंत गोडी होते. एकाच नदीला वर्षात दोन मॉडेलं लागतात. चांगल्या मोजणीचा साठा हाताशी असला की मॉडेल किती विश्वासाने बोलतं, हे तिथे पाहावं.

मॉडेलं चुकतात, आणि कुठे चुकतात हेही या पुस्तकात मुद्दाम सविस्तर दिलं आहे. जुन्या खोलीच्या नकाशावर चालवलेलं मॉडेल गाळ काढलेल्या किंवा भराव टाकलेल्या खाडीबद्दल खोटं बोलतं. नाल्याच्या तोंडाशी वर्षातून चार वेळा घेतलेल्या नमुन्यावर बसवलेलं मॉडेल पहिल्या पावसाच्या लोटाबद्दल काहीच सांगू शकत नाही. आणि रंगीत चित्र पाहून भुललेला अधिकारी हा तर सगळ्यात मोठा धोका. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मॉडेलला विचारायचे प्रश्न दिले आहेत : खोली कधीची मोजलेली? जाळीचं घर केवढं? प्रवाह कुठे आणि किती दिवस मोजून ताडला? भांगाचा दिवस धरला का, की सोयीचं उधाणच दाखवलं?

हे पुस्तक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेच, पण लिहिताना डोळ्यांसमोर होते ते जनसुनावणीला जाणारे लोक. मंडपात मागच्या खुर्चीवर बसलेला तांडेल, पंचायतीची सदस्या, शाळेतला भूगोलाचा शिक्षक. समोर पडद्यावर निळ्या-लाल रंगांची खाडी दाखवली जाते, “प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडलं जाईल” असं एक वाक्य वाचलं जातं आणि सभा पुढच्या विषयावर जाते. त्या वाक्यापाशी कुणीतरी उभं राहावं, म्हणून ही पानं लिहिली.

उभं राहण्यासाठी फार शिकलेलं असावं लागत नाही. आजीची पाऊणकी येत असली तरी सुरुवात होते. कोणत्या तिथीला सोडणार, किती वाजता सोडणार, त्या दिवशी पाणी कुठवर जाणार आणि परत किती घेऊन येणार? एवढे चार प्रश्न नीट विचारले की उत्तर देणाऱ्याला खाडीचा हिशेब मांडावाच लागतो. मांडलेला हिशेब मग कुणीही तपासू शकतं, अगदी पाण्यावर तिवराचं एक पान टाकूनसुद्धा.